मदत हवी आहे: संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्या डोक्यात नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय जरा लाजिरवाणा आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवर हिशेब बघते. (पूर्वी या कामाला दिवाणजी म्हणायचे. बाई दिवाणजी म्हटलं की लोक अजून दोनदा बघतात.) हळदीचे सौदे, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सगळं माझ्या हाताखालून जातं. पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत मी उठत नाही. घरच्या हिशेबाला मात्र हीच बाई आंधळी.

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन दणके बसले. रक्त तपासलं, एचबीए१सी (म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि माझ्या वडिलांना मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ताच आवरा. दुसरं म्हणजे सोनेतारणाचं व्याज भरायला गेले तर खात्यात पुरेसे पैसेच नव्हते. पगार होऊन बारा दिवस झालेले.

घरी येऊन तीन महिन्यांचा उतारा एक्सेलमध्ये घेतला. दोनशे रुपयांच्या आतले यूपीआयचे व्यवहार २६८, रक्कम २१,४४०. म्हणजे महिन्याला सात हजारांवर. पेढीवर असा खर्च कुणी दाखवला असता तर मी त्याला उभा केला असता! मग वेळेनुसार लावून बघितलं. २६८ पैकी १५१ व्यवहार संध्याकाळी सहा ते साडेसातमधले. कट वडा, भेळ, बेकरीतली खारी, क्रीमरोल, पोरांसाठी म्हणून घेतलेली आणि वाटेतच फोडलेली वेफर्सची पुडी. यार्डातून विश्रामबागेत घरी जाईपर्यंत माझा नुसता उत्सव चाललेला असतो.

गंमत पुढेच आहे. त्याच वाटेवर मी मेथीच्या पेंडीसाठी भाजीवालीशी पाच रुपयांवरून वाद घालते. "पंधराला दे, नाहीतर राहू दे" म्हणून चार पावलं पुढे जाते. ती हाक मारते, मी जिंकते. दहाव्या मिनिटाला गाड्यावर साठ रुपये स्कॅन करते आणि ते मला आठवतसुद्धा नाहीत.

भिशीचं तर विचारूच नका. दोन हजारांची, बाराजणींची. नोव्हेंबरात माझा नंबर लागला, २४,००० हातात आले. डोक्यात पहिला विचार काय, तर "वरचे पैसे आले!" अहो, कसले वरचे? दर महिन्याला मीच भरतेय ना ते! पण मिक्सर झाला, दोन साड्या झाल्या, नणंदेच्या घरी आहेर झाला. सोनेतारण तिकडे व्याज खात बसलंच होतं. यांना विचारलं तर म्हणाले, "भिशी वेगळी, कर्ज वेगळं." हिशेबाच्या बाईला हे पटावं?

सासूबाईंचं बरं होतं. मुगाच्या डब्यात दुधाचे, डाळीच्या डब्यात किराणाचे, हरभऱ्याच्या डब्यात पैपाहुण्यांचे. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "डबा वाजायला लागला की आमचा हात आपोआप आखडायचा. तुझ्या मोबाइलला वाजायचं कळतंय कुठं?"

तर प्रश्न असे. हे नेमकं काय आहे? मन इतकं कमकुवत असतं का? पुन्हा रोख पैसे आणि पाकिटं सुरू करू का? आणि रात्री पोटभर जेवून उठल्यावर गोड शोधत स्वयंपाकघरात हिंडते त्याचं काय करू? भडंगाचा डबा ओट्यावरच असतो, तोही अर्धा मीच संपवते. उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

— हळदीचे_हात


कृष्णाकाठचा_गडी:
ताई, मी बी सांगलीचाच. संध्याकाळी सहाला कट वड्याच्या गाड्यावरनं सरळ जाणारा माणूस मी अजून बघितला नाही. तुमचं काही चुकत नाही. (उपयोग शून्य, पण धीर दिला.)


जुनं_नाणं:
सगळं मनावर असतं. आमच्या काळी खिशात पैसेच नसायचे, त्यामुळे असले विकारही नव्हते. निग्रह वाढवा.


अधलंमधलं:
@जुनं_नाणं काका, खिशात पैसे नसल्यावर निग्रह लागतो कशाला?

ताई, मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या सासूबाईंच्या डब्यांवर रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने १९८५ साली निबंध लिहिला, असं म्हटलं तरी चालेल. 'मेंटल अकाउंटिंग', म्हणजे मनातली खाती. रुपया कुठूनही आला तरी रुपयाच, पण मन त्याला लेबल लावतं: पगाराचा, भिशीचा, आहेरात आलेला. लेबलाप्रमाणे तो खर्च होतो. थेलरना २०१७ साली नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. तुमचे हे "भिशी वेगळी, कर्ज वेगळं" म्हणतात ना, ती अख्ख्या जगाची सवय आहे. त्यांना बोलू नका.

मेथी आणि वड्याचा घोळही इथलाच. मेथी 'घरखर्च' खात्यात पडते, तिथे तुम्ही दिवाणजी असता. वडा कुठल्याच खात्यात पडत नाही. सासूबाईंकडे त्याचा डबा असता तर तोही वाजला असता.

मोबाइलचा मुद्दा सासूबाईंनी बरोबर पकडलाय. पैसे देताना मनाला बारीक चिमटा बसतो. नोट हातातून गेली की तो जास्त बसतो. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठातल्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग छापला होता. बास्केटबॉल सामन्याची तिकिटं विद्यार्थ्यांना लिलावात दिली. निम्म्यांना सांगितलं रोख द्यायची, निम्म्यांना क्रेडिट कार्ड. कार्डवाल्यांची सरासरी बोली दुपटीहून जास्त निघाली! आपलं यूपीआय म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे, पैसे तिथल्या तिथे जातात. पण जाताना दिसत नाहीत, आणि 'रुपये प्राप्त हुए' हे गाडेवाल्याच्या साउंडबॉक्सला ऐकू येतं, तुमच्या खिशाला नाही.


सातारची_सून:
तै, आधी एक विचारते. दुपारी जेवता किती वाजता?


हळदीचे_हात:
@सातारची_सून साडेबाराला डबा. चारला चहा. मग घरी आठलाच.


सातारची_सून:
मग सहा वाजता तुम्हाला भूक लागलेली असते हो! मन वगैरे नंतर बघू. साडेपाच तास चहावर काढल्यावर मीसुद्धा पोवई नाक्यावरून पायी जाताना दिसेल ते खाईन. मी पर्समध्ये फुटाण्याची पुडी ठेवते आणि पाचला ऑफिसातच खाते. दिसायला फार साधा उपाय आहे, त्यामुळे कुणाला पटत नाही.

दुसरं, आमच्याकडे मी आणि नवऱ्याने एक वेगळं बचत खातं काढलंय. यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. दर सोमवारी त्यात ९०० टाकतो. संपले की नकार येतो, गाडेवाल्यासमोर लाज वाटते, आणि ती लाज चांगली कामाला येते. रोख पाकिटं आम्ही करून बघितली, पण सुट्ट्यांवरून रोज भांडण.


निवांत_बसा:
इच्छाशक्ती टाकीसारखी असते, दिवसभर आकडेमोड केली की संध्याकाळी टाकी रिकामी. मुळा आणि बिस्किटांचा प्रयोग आहे बघा.


अधलंमधलं:
@निवांत_बसा तो बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाचा १९९८ चा प्रयोग. समोर ताजी चॉकलेट बिस्किटं ठेवून मुळे खायला लावलेली मुलं पुढचं कोडं लवकर सोडून देतात, असं दिसलं होतं. मीही वर्गात अनेक वर्षं हेच शिकवलं. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर हीच कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ नाहीच निघाला. तेव्हा टाकीवर फार विसंबू नका. सातारच्या ताईंचे फुटाणे जास्त भरवशाचे. ॲम्स्टरडॅममध्ये रीड आणि व्हॅन लिउवेन यांनी ऑफिसातल्या लोकांना पुढच्या आठवड्याचा खाऊ आधी निवडायला लावला होता. विचारलं तेव्हा जे भुकेले होते त्यांनी अरबटचरबट जास्त निवडलं. आणि प्रत्यक्ष दिवस आल्यावर आधी फळ निवडलेल्यांपैकीही बरेच जण फिरले.

रात्रीच्या गोडाचं सांगायचं राहिलं. लग्नात मसालेभाताला "नको नको" म्हणून हात आडवा धरणारा माणूस जिलबीला मागे सरत नाही, बघितलंय ना? पोट भरतं त्याच्या आधी त्या त्या चवीला कंटाळा येतो. नवी चव आली की भूक पुन्हा जागी. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजून दाखवलं. एकाच प्रकारच्या सँडविचपेक्षा चार प्रकारची ठेवली तर लोक जास्त खातात. तुम्ही हावरट नाही आहात, जेवणात तिखटमीठच होतं एवढंच.

आणि भडंगाचा डबा ओट्यावरून हलवा. हाही थेलरचाच किस्सा. पाहुणे जेवणाआधी काजू संपवत सुटले होते, म्हणून त्यांनी वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली. पाहुण्यांनी चक्क आभार मानले! स्वतः थांबता येत होतं, तरी कुणीतरी वाटी उचलावी असं सगळ्यांनाच वाटत होतं.


जुनं_नाणं:
काजूची वाटी पाहुण्यांसमोरून उचलणं हा आमच्याकडे अपमान समजतात.


कृष्णाकाठचा_गडी:
काका +१. सांगलीत भडंग उचललं तर सोयरीक मोडंल.


हळदीचे_हात:
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, हातचं न राखता सांगते.

फुटाणे लागू पडले. अगदी आठवड्याभरात. पाचला मूठभर खाल्ले की सहाला गाडा दिसतो, पण ओढत नाही. मला वाटलं होतं काहीतरी खोल निघेल, आणि निघाली भूक. थोडी निराशाच झाली म्हणा ना.

वेगळं खातं काढलं. आठवड्याला ८००. पहिल्या आठवड्यात बुधवारीच संपले. दुसऱ्यात शुक्रवारपर्यंत टिकले. एकदा भेळेच्या गाड्यावर नकार आला तेव्हा गाडेवाला म्हणाला, "राहू द्या वहिनी, उद्या द्या." म्हणजे लाजेचा उपाय आमच्या गावात चालत नाही, इथे उधारी चालते! दुसऱ्या दिवशी नेऊन दिले आणि त्याला सांगून आले की मला उधार द्यायचं नाही. हसला, पण ऐकतोय.

रात्रीचं गोड जमलेलं नाही. जेवण झाल्यावर पेरूची फोड तिखटमीठ लावून खाते, पण ते गोड नाही हे जिभेला कळतं. कुणाला काही सुचलं तर सांगा. एचबीए१सी तीन महिन्यांनी परत बघायचंय.

भडंगाचा डबा आता माळ्यावर. सासूबाईंना त्यासाठी मला हाक मारावी लागते, त्यामुळे त्या नाराज आहेत. परवा म्हणाल्या, "माझं साखरेचं काही नाही, मला कशाला शिक्षा?" मुद्दा बरोबर आहे. त्यांना वेगळी छोटी बरणी भरून दिली, त्यांच्या खोलीत. तिकडे जाऊन मी मागू शकत नाही.

भिशी नव्याने सुरू झालीय. चालवणाऱ्या वहिनींना सांगून ठेवलंय की माझा नंबर लागला की पैसे हातात द्यायचे नाहीत, थेट सोनेतारणाच्या खात्यावर टाकायचे. त्यांनी मान्य केलं, फक्त विचारलं, "मग भिशीचा आनंद काय राहिला गं?" यावर मला उत्तर देता आलं नाही, म्हणून चोवीस हजारांतले दोन हजार हातातच घ्यायचं ठरलंय.

आता शेवटचं. अहोंचा यूपीआयचा उतारा मागितला, तर गेले आठ दिवस "बँकेचं ॲप चालत नाही" म्हणतायत. यावर कुठल्या विद्यापीठात काही संशोधन झालंय का?