लेबर मिळत नाही का टिकत नाही?

साइट इंजिनिअर, पुणे: छठच्या सणाला गावी गेलेली सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचे साचे बांधणारी, गँग अर्धीच परत आलीय, स्लॅब अडकलाय, आणि ऑफिसात सगळ्यांचं एकच, फुकट रेशनने मजूर आळशी झाले. 2025 च्या फेब्रुवारीत एल अँड टीचे चेअरमन सुब्रह्मण्यन पण असंच म्हणाले होते की योजनांमुळे लोक गाव सोडत नाहीत. मला नाही पटत. मग 2024 मध्ये यूपी-हरियाणातले गवंडी, फिटर युद्ध चालू असताना इस्रायलला कसे गेले? महिन्याला लाखाच्या वर पगार दिसला, गेले. आपण देतो पत्र्याची खोली, आठवड्याला खर्ची म्हणजे खर्चापुरते पैसे, आणि पूर्ण हिशोब मुकादमाच्या मर्जीवर.

ठेकेदार, नाशिक: तुम्हाला एक तारखेला पगार मिळतो म्हणून हे बोलता येतं. माझा रेट दोन वर्षांपूर्वी ठरलाय, मजुरांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, तेव्हापासून वाढतच चाललीय, बिल्डर रुपया वाढवून देत नाही. उचल दिली की गँग ती घेऊन दुसऱ्या साइटवर पळते. आणि काम? प्लास्टरला आधीच्या दुप्पट वेळ लागतो, हाताला सफाई राहिलेलीच नाही.

साइट इंजिनिअर, पुणे: प्लास्टरचंच बोला. मिस्त्री आठला हजर, वाळू येते अकराला, प्लास्टर झालं की इलेक्ट्रिशियन येऊन पाइपसाठी तीच भिंत फोडतो, कारण ड्रॉइंग बदललंय हे कोणी सांगितलंच नाही. यात मिस्त्रीचा काय दोष?

मायव्हानवाला: मशीन आणा की. मायव्हानवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांवर, आठवड्याला एक स्लॅब पडतो, विटकाम जवळपास नाहीच.

ठेकेदार, नाशिक: वीस मजली एकसारख्या टॉवरला ठीक आहे हो, माझ्या चार मजली सोसायटीला तो सेट परवडणार कसा?

गवंड्याचा मुलगा, लातूर: वडिलांनी आयुष्यभर पुण्यात बिल्डिंगी बांधल्या आणि मला करणी हातात धरू दिली नाही, कारण म्हातारपणी हातात काहीच नाही हे त्यांना दिसत होतं. 1996 मध्ये कायदा आला, मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का सेस म्हणजे उपकर जमा होतो, पण बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार सही करत नाही. नाशिकचे दादा, तुम्ही किती जणांना दिलात?

ठेकेदार, नाशिक: माझ्या कायमच्या माणसांना दिलाय. मुकादमाची माणसं दर महिन्याला बदलतात, त्यांचे 90 दिवस मी कुठून मोजू?

गवंड्याचा मुलगा, लातूर: गेटवरच्या हजेरी रजिस्टरमधून. तिथे नाव, तारीख सगळं लिहिलेलं असतं.