पहाटे पाचला जिन्यात कोण चढतंय?

सोमवार

पाटील काका (३०२): सुप्रभात. गेल्या आठवड्यापासून रोज पहाटे पाचला जिन्यात धाडधाड पाय वाजवत कोण वर-खाली करतंय? एवढे दिवस गप्प बसलो. हिची झोपेची गोळी चालू आहे हे सगळ्यांना माहीत आहे. लिफ्ट आहे ना? मेंटेनन्स कशाचा भरतो आपण?

मनीषा (३०१): काका मलाही ऐकू येतं. आधी वाटलं दूधवाला. पण दूधवाला दहा वेळा कशाला चढेल?

भामरे (१०२): लिफ्ट चालू असेल तर वापरतील ना काका 😀

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय मागच्या मीटिंगमध्ये झाला आहे. पार्ट यायचा आहे. कृपया विषयांतर नको.

वैशाली (४०३): नमस्कार काका. जिन्यात मी आणि स्वरा असतो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सराव चालला आहे. काकूंची झोप मोडली याचं वाईट वाटलं. तिसरा मजला टाळून चढता येत नाही, कारण जिना तर सगळ्या मजल्यांवरून जातो. म्हणून उद्यापासून आम्ही साडेसहानंतर चढू आणि बूट हातात घेऊन.

पाटील काका (३०२): सराव? कशाचा?

वैशाली (४०३): साल्हेरचा. येत्या रविवारी मी आणि स्वरा गडावर जाणार आहोत.

मनीषा (३०१): अगं बाई. शाळा, क्लास, घर सगळं सांभाळून वेळ कसा मिळतो गं तुला? आम्हाला तर भांडी घासण्यातच उजाडतं.

चौधरी (२०४): साल्हेर म्हणजे काय मंगळबाजार नाही. पोरगी अकरा वर्षांची आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?

भामरे (१०२): चढायचंच तर गच्चीवर सराव करा की. पण गच्चीची चावी कुठे आहे ते देवालाच ठाऊक.

सेक्रेटरी: कोजागिरीचं पुन्हा काढू नका. चावी माझ्याकडे आहे आणि का आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

भामरे (१०२): मी कुठे काय काढलं? 🙏

नाना (१०१): वैशाली, शाब्बास. साल्हेर १५६७ मीटर. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सगळ्यात उंच. शिखरांत कळसूबाई (१६४६) सोडली तर त्याच्यावर कोणी नाही. पोरीला नुसती नेऊ नको, मराठ्यांनी मोगलांना हरवलं ती १६७२ ची लढाई सांगून ने.

भामरे (१०२): नाना, एवढं लांब कशाला? आपल्या खानदेशात अस्तंभा आहे. नंदुरबारवाल्यांना विचारा. धनत्रयोदशीला लोक रात्रभर चालत जातात. अश्वत्थाम्याचा डोंगर सोडून नाशिक जिल्ह्यात काय जायचं?

नाना (१०१): अस्तंभा सातपुड्यातला, १३२५ मीटर. मान त्याचाही मोठा आहे. पण साल्हेरचं बागलाण नाशिकचं कधी झालं ते बघ. १८६९ ला नाशिक जिल्हा केला तेव्हा मालेगाव, बागलाण खानदेशातून काढून तिकडे जोडलं. त्याच्या आधी सगळं एकच. आजही ताहाराबादच्या बाजारात उभा राहा, अहिराणीच ऐकू येईल.

भामरे (१०२): म्हणजे साल्हेर आपलाच! मग मालेगावपण मागून घ्या 😀

चौधरी (२०४): मुद्दा बाजूला पडतोय. परत टाकतो. पोरगी अकरा वर्षांची आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?

सेक्रेटरी: पाण्याच्या टाकीच्या सफाईची वर्गणी १५ तारखेपर्यंत जमा करावी. दोन जण बाकी आहेत, नावं टाकत नाही. @भामरे

भामरे (१०२): मग मला मेन्शन का केलं?

मंगळवार

मनीषा (३०१): वैशाली, राग मानू नको, पण घरचे काय म्हणतात? नितीन भाऊ गप्प आहेत म्हणून विचारलं.

नितीन (४०३): गप्प नाही वहिनी, दुकानात होतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी गाडी घेऊन वाघांब्यात खाली थांबणार. वर त्या दोघीच जाणार, सोबत गावातला एक वाटाड्या. मला विचारून नाही, मला सांगून जातेय. आणि मला त्याचा आनंद आहे.

मनीषा (३०१): तसं नाही भाऊ, मी काळजीपोटी विचारलं.

पाटील काका (३०२): मांगीतुंगीला घेऊन जा ना. पायऱ्या आहेत, रेलिंग आहे, वर ती १०८ फुटांची ऋषभदेवांची मूर्ती. पोरीला दर्शनही होईल. साल्हेरला कशाला जीव घालायचा?

वैशाली (४०३): काका, मांगीतुंगी पाहिलंय. साल्हेर का, ते एकदा नीट लिहिते, म्हणजे रोज रोज नको.

माझं माहेर ताहाराबादकडचं. आमच्या घरातले दोघं भाऊ शाळेत असतानाच काकांसोबत साल्हेर चढून आले. निघायच्या आदल्या रात्री दशम्या मी लाटल्या, आईसोबत. मिरचीचा ठेचा मी वाटला. पहाटे सगळे निघाले तेव्हा मीही तयार होऊन ओट्यावर उभी होते. काका म्हणाले, पोरीच्या जातीला डोंगरावर काय काम? आई काही बोलली नाही. भाऊ आले ते तीन दिवस परशुरामाच्या देवळाचं आणि वरच्या वाऱ्याचं सांगत होते. मी ताट वाढत ऐकत होते.

पुढे डीएड, लग्न, स्वरा, सासूबाईंचं आजारपण. दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. हल्ली स्वराच शाळेतून इतिहास शिकून आली आणि म्हणाली, मम्मी, साल्हेर तर माझ्या मामाच्या गावाजवळ आहे, तू कितीदा गेलीस? मी तिला काय सांगणार होते? म्हणून जातेय. आणि तिला घेऊनच जाणार.

नाना (१०१): वैशाली, तू जाय. कोनं ऐकू नको. मना मोठा भाऊ अस्तंभाले जाये, मी मागे लागी लागी थकनू. आते मना गुडघा चालत नहीत. आंडेरले (पोरीले) संगे ले आनि जाय.

पाटील काका (३०२): बरं. साडेसहानंतर जिना वापरा. बुटाचं काही नाही, घालून चढा. फरशी गार असते या दिवसांत.

वैशाली (४०३): थँक यू काका.

चौधरी (२०४): भावना समजल्या. तरी माझा प्रश्न तसाच आहे. काही झालं तर जबाबदारी कोणाची?

भामरे (१०२): चौधरी साहेब, तुम्ही हे सेव्ह करून ठेवलंय का? दर तासाला येतंय.

चौधरी (२०४): तुमच्यासारखं प्रत्येक गोष्टीत हसण्यावारी नेत नाही. मागच्या वर्षी धबधब्यावर माझ्या मेव्हण्याचा पोरगा घसरला, आठ महिने प्लास्टर. मी ते बघितलंय.

भामरे (१०२): सॉरी साहेब. माहीत नव्हतं.

वैशाली (४०३): चौधरी भाऊ, तुमचा प्रश्न टाळला नाही, संध्याकाळी वेळ मिळाला म्हणून आता लिहिते. जबाबदारी माझी. पूर्ण माझी. म्हणूनच पावसाळ्यात गेले नाही, आता डिसेंबरात जातेय, खडक कोरडा असतो. म्हणूनच दोन महिन्यांपासून दर रविवारी लळिंगचा किल्ला चढतोय आणि गेल्या आठवड्यापासून रोज जिना. वाघांब्याकडून वाट साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीत जाते, तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजे. त्या पायऱ्यांवर मी तिच्या खालच्या बाजूला चालणार. माणशी तीन लिटर पाणी. अत्तर, धूर काही नाही, मोहोळं असतात. दुपारी बाराला जिथं असू तिथून परत फिरायचं, शिखर राहिलं तरी. हे स्वराला सांगितलंय, तिनं मान्य केलंय. अजून काही सुचत असेल तर सांगा, मी खरंच ऐकेन.

चौधरी (२०४): शिट्टी द्या पोरीच्या गळ्यात. आणि क्रेप बँडेज. माझ्याकडे आहे, घेऊन जा.

सेक्रेटरी: वर्गणी १५ तारखेपर्यंत.

शनिवार रात्री

वैशाली (४०३): पहाटे तीनला निघतोय. साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, मुल्हेर, वाघांबे. गेट उघडताना आवाज होईल.

मनीषा (३०१): कळण्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी डब्यात घालून तुझ्या दाराला पिशवी लावलीय. सकाळी घाई होईल तुला.

वैशाली (४०३): मनीषा 🙏

पाटील काका (३०२): पिंपळनेरच्या पुढे धुकं असतं. नितीनला हळू चालव म्हणा.

रविवार रात्री

भामरे (१०२): कुठे पोचले? सकाळपासून काही नाही.

चौधरी (२०४): रेंज नसेल. डोंगरात नसते. नितीनला फोन लागला होता चारला, खाली उतरले म्हणाला.

मनीषा (३०१): मग ग्रुपवर सांगायचं ना भाऊ! आम्ही इथे देवापुढे बसलोय.

वैशाली (४०३): आलो घरी. स्वरा जेवता जेवता झोपली. फोटो उद्या. पण आत्ताच लिहिते, उद्या शाळा आहे.

खिंडीपर्यंत ती माझ्या पुढे पळत होती, मीच धापा टाकत होते. खिंडीत पोचल्यावर समोर कातळ दिसला आणि ती एकदम गप्प झाली. म्हणाली, मम्मी, इथून? पायऱ्या तिच्या गुडघ्याएवढ्या उंच. काहींची कड झिजून मधोमध खोलगट झालीय, तिथं पाय नीट बसतो. वाटाड्या दादांनी तिला शिकवलं, वर बघू नको, हात कुठं ठेवायचा तेवढंच बघ. मग ती प्रत्येक पायरीवर आधी तळहात टेकवून बघायची, खडक गार आहे का तापलाय ते सांगायची, आणि मग पाय उचलायची. दरवाज्यात पोचेपर्यंत तिचे तळवे पांढरे झाले होते.

एका ठिकाणी ती बसली आणि रडली. नाही जायचं म्हणाली. मी म्हटलं, ठीक आहे, उतरू. खरंच म्हटलं. मनात काय झालं ते मलाच माहीत, समोर माथा दिसत होता. पाणी प्यायलो, मनीषाची भाकरी खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांनी तीच उठली. मी काही बोलले नव्हते.

वर गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ. मग शेवटची चढण परशुरामाच्या देवळापर्यंत. नाना, तुम्ही सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजर एकेका बाजूनं आले ते, मोगलांकडचे इखलासखान, बहलोलखान, आणि आपले सूर्यराव काकडे पडले ते. तिनं विचारलं, ते इतक्या लांबून घोड्यावर आले आणि मग लढले? दमले नसतील? मला उत्तर आलं नाही.

देवळापाशी वारा इतका की तिची वेणी सुटली. सालोटा पायाशी. मोरा, मुल्हेर, हरगड, मांगीतुंगी वाटाड्या दादा एकेक बोट करून दाखवत होते. पलीकडे गुजरातचं डांग. मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले. ती म्हणाली, मम्मी, तुझे पाय दुखताहेत का?

आईला तिथूनच फोन लागला, तेवढी एक दांडी रेंज होती. सांगितलं, आई, मी वर आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पोरगी कुठंय? तिच्या डोक्याला रुमाल बांध, वारा लागेल.

नाना (१०१): वाचीसन डोया भरी उनात. बठ्ठं (सगळं) भेटनं तुले.

चौधरी (२०४): शिट्टी लागली का?

वैशाली (४०३): लागली भाऊ. खिंडीत धुकं होतं, ती दहा पावलं पुढे गेली तरी शिट्टीवरून कळायचं.

भामरे (१०२): स्वराचा सत्कार करा. गच्चीवर. कुलूप उघडा आता.

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी सहाला गच्ची उघडतो. खुर्च्या भामरेंनी लावायच्या आणि आवरायच्या.

भामरे (१०२): मंजूर. युनेस्कोनं २०२५ ला जे बारा किल्ले घेतले त्यात साल्हेर आहे, तेही नानांनी सांगायचं भाषणात.

नाना (१०१): माझ्याकडून घेऊन मलाच सांगतोस.

सोमवार

मनीषा (३०१): वैशाली, पुढच्या वेळी जाशील तेव्हा आमच्या ओमला नेशील का सोबत? कालपासून मागे लागलाय.

वैशाली (४०३): ओमला एकट्याला नाही नेणार. तू चल.

मनीषा (३०१): मी? अगं मला रुद्राणीची टेकडी चढताना दम लागतो. आणि घर कोण बघेल?

वैशाली (४०३): एक दिवस घर घरालाच बघेल. येत्या शनिवारी लळिंगला चल, साडेपाचला गेटवर. ओमलाही घे. चपलेवर येऊ नको, बूट नसतील तर माझे जुने आहेत, तुझ्या मापाचे होतील.

मनीषा (३०१): मोजे जाड घालायचे का पातळ?

वैशाली (४०३): जाड. सुती.