कॅनडा पीआर : वर्क परमिट सप्टेंबरअखेर संपतंय, भावाने चवथीला गावी यावं का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव मालवणजवळ. धाकटा भाऊ ओंटारिओत नोकरीला. यंदा मूळ घरातल्या गणपतीची पाळी आमच्याकडे आहे, पाच वर्षांनी आलीय. आईचं एकच, "पाळी काय दरवर्षा येता? त्येका सांग, चवथीक येवकच व्हया." तो फोनवर "बघतो" म्हणतो आणि विषय बदलतो.

त्याचं वर्क परमिट ३० सप्टेंबरला संपतं. एक्सप्रेस एन्ट्रीतून (कुशल कामगारांसाठीची कॅनडाची योजना) पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज जूनमध्ये भरला, पोचही आली. मला वाटलं, सुटलो. पण तसं नाही म्हणे. पीआरचा निकाल लागेपर्यंत तिथे राहायचा आणि काम करायचा कागद ज्याचा त्याने चालू ठेवायचा. म्हणून तो ब्रिजिंग ओपन वर्क परमिटला (पीआरचा निकाल लागेपर्यंतचं, कुठल्याही मालकाकडे चालणारं परमिट) अर्ज करणार आहे. जुनं संपायच्या आत अर्ज गेला, तर निर्णय होईपर्यंत जुन्याच अटींवर काम करता येतं. पूर्वी याला इम्प्लाइड स्टेटस म्हणत, आता मेन्टेन्ड. गोम अशी की ही सवलत कॅनडात असेपर्यंतच. त्या काळात बाहेर पडला, तर परत आत घेतलं तरी नवं परमिट मिळेपर्यंत काम बंद. शिवाय परत जायला पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो, वर्क परमिट म्हणजे व्हिसा नव्हे. त्याचा व्हिसाही ३० तारखेलाच संपतो.

चतुर्थी १४ सप्टेंबरला. गणपती पाच दिवसांचा, म्हणजे १९ला निघून २० किंवा २१ला तो तिथे पोचेल. जुनं परमिट तेव्हा चालू असेल. मग ब्रिजिंगचा अर्ज इथे येण्याआधी टाकावा की परत गेल्यावर? विमान चुकलं, आजारी पडला, तर हाताशी नऊ-दहा दिवसच उरतात, याचीच धास्ती आहे.

दुसरं, पासपोर्ट येत्या मार्चमध्ये संपतोय, आणि परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. मग आधी पासपोर्ट नवा करावा का? त्यात सप्टेंबर उलटला तर?

इथल्या एका एजंटला विचारलं. कागद न बघताच "काय होत नाय, बोलवा" म्हणाला आणि फी सांगितली. म्हणून इथे विचारतोय. असं जाऊन-येऊन केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, तिकीट गुरुवारपर्यंतच धरून ठेवलंय.

तो नाही आला तर माटवी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट) बांधायला शिडीवर मलाच चढायचंय, आणि माझा गुडघा तुम्हाला ठाऊक नाही.