डॉ. क्रेक यांनी सल्ला मागितला, बरोबर सल्ला मिळालाही. मग वॉशिंग्टनचं रक्त चौथ्यांदा का काढलं?

पारावरचा:
१४ डिसेंबर १७९९. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, वय ६७, व्हर्जिनियात माउंट व्हर्नन इथे आपल्या घरी. दोन दिवसांपूर्वी बर्फ आणि गारांच्या पावसात घोड्यावरून शेतांची फेरी मारली होती. दुसऱ्या दिवशी घसा दुखत असूनही बाहेर जाऊन तोडायच्या झाडांवर खुणा करून आले. रात्री सचिव टोबायस लिअर म्हणाला, काहीतरी औषध घ्या. हे म्हणाले, सर्दीला मी कधी काही घेत नाही, आली तशी जाईल. पहाटेपर्यंत बोलणं बंद, श्वास अडकायला लागला.

डॉ. जेम्स क्रेक सकाळी आले. घरचे डॉक्टर आणि जवळपास ४५ वर्षांचे सोबती; दोघं तरुणपणी फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमांत बरोबर होते. त्यांनी गळ्यावर कँथॅरिडीसचा लेप लावला. ही एका किड्याची भुकटी, कातडीवर फोड आणण्यासाठी. मग त्या काळच्या वहिवाटीप्रमाणे दोनदा भरपूर रक्त काढलं, व्हिनेगरच्या गुळण्या दिल्या, वाफ दिली. उतार पडेना, म्हणून आणखी दोघांना बोलावलं: पोर्ट टोबॅकोचे डॉ. गुस्टेव्हस ब्राऊन आणि अलेक्झांड्रियाचे डॉ. एलिशा डिक.

डिक तिघांत सर्वांत तरुण, ३७ वर्षांचा. त्याचं म्हणणं, आता रक्त काढू नका, म्हाताऱ्या माणसाला लागेल तेवढी ताकद अंगात राहू द्या. श्वासनलिकेला छेद द्यायचंही त्यानेच सुचवलं. क्रेक आणि ब्राऊन यांचं मत एक पडलं आणि आणखी ३२ औंस रक्त काढलं गेलं. दिवसभराचा हिशेब आजचे अभ्यासक ८० औंसांच्या आसपास धरतात, म्हणजे सव्वादोन लिटरांहून जास्त. रात्री दहा-अकराच्या दरम्यान सगळं संपलं.

माझं मत सरळ आहे. क्रेकनी सल्ला मागितला तो आपल्या मताला दुजोरा मिळावा म्हणून. दोन ज्येष्ठ एकमेकांकडे बघून माना डोलावतात आणि तिसऱ्याचं म्हणणं तपासलंच जात नाही. अज्ञानाचा बचाव इथे चालत नाही, कारण योग्य सल्ला त्याच खोलीत उभा होता.

कोकणकडा:
पारावरचे, तुम्ही आजचं पुस्तक उघडून त्या माणसाची परीक्षा घेताय. आणि एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. पहिलं रक्त क्रेकनी काढलंच नाही. डॉक्टर यायच्या आधी वॉशिंग्टननी स्वतः रॉलिन्स नावाच्या मुकादमाला बोलावून शीर कापायला लावली. त्याचा हात थरथरत होता, तर हे म्हणतात, घाबरू नकोस. आणि रक्त वाहायला लागल्यावर म्हणतात, भोक पुरेसं मोठं नाही. पत्नी मार्था विनवत होत्या की फार काढू नका, तरी यांचं 'आणखी, आणखी' चालूच. लिअरने हे सगळं लिहून ठेवलंय. ज्या उपचारावर रुग्णाचाच एवढा विश्वास, तो डॉक्टरने थांबवला असता तर तुम्हीच आज विचारलं असतं, हात बांधून का बसला?

घोटभर चहा:
मार्थाबाईंचं ऐकलं असतं तर! पण हे वाक्य प्रत्येक घरात लागू आहे, सोडून द्या.

निशिगंध:
मी भूलशास्त्रात काम करते, म्हणून थोडं. आज बहुतेक जण हा तीव्र एपिग्लॉटायटिस असावा असं मानतात. श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण सुजतं आणि हवेची वाट बुजते. असा रुग्ण दिसला की आम्ही त्याला आडवं करत नाही, घशात काही घालून चिडवत नाही, आणि ट्यूब टाकायची तयारी शस्त्रक्रियागृहात करतो, गळ्याला छेद द्यायला सर्जन शेजारी उभा ठेवून. त्यांनी काय केलं? गुळण्या करायला मान मागे केली तर जीव जायची वेळ आली. वाफ व्हिनेगरची. वर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं जुलाबाचं औषध, आणि उलटीसाठी अँटिमनीचं टार्टर. गिळता येत नाही त्याला उलटीचं औषध!

पण पारावरचे, रक्त काढलं नसतं तरी सूज तिथेच होती. रक्त गेल्याने माणूस खचला हे खरं, जीव मात्र बंद झालेल्या वाटेने घेतला. डिकच्या दोन सल्ल्यांपैकी निर्णायक दुसरा होता.

वैद्यकुलोत्पन्न:
पाश्चात्त्यांचं हे असंच. सुश्रुतांनी रक्तमोक्षणाला मर्यादा घातली होती. बलवान माणसाचंसुद्धा जास्तीत जास्त एक प्रस्थ (जुनं माप), आणि बाल, वृद्ध, क्षीण यांची शीर वेधायचीच नाही. ६७ वर्षांचा माणूस या यादीत पहिल्याच ओळीत बसतो.

कोकणकडा:
वैद्यबुवा, तोच अध्याय पुढे वाचा की. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातच म्हटलंय, विषबाधा आणि तातडीचा प्रसंग असेल तर ज्यांना मनाई आहे त्यांचंही रक्त काढायला हरकत नाही. क्रेकच्या डोळ्यांसमोर मित्र गुदमरत होता, याहून तातडीचं काय असतं? नियम तिथेही होता, इथेही होता. अपवादाची फटही दोन्हीकडे.

वैद्यकुलोत्पन्न:
अपवाद मान्य. पण अपवादातही प्रमाण सुटत नाही. आणि चार वेळा?

पारावरचा:
कोकणकडा, 'त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं' हे मला पटत नाही. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली तेव्हा तिथले डॉक्टर बेंजामिन रश यांनी भरमसाट रक्त काढणं आणि पाऱ्याचा जुलाब यांचा सपाटा लावला. त्यावर तेव्हाच आरडाओरडा झाला. विल्यम कॉबेटने आपल्या वर्तमानपत्रात त्यांची यथेच्छ टिंगल केली. रशनी बदनामीचा खटला भरला आणि निकाल लागला नेमका १४ डिसेंबर १७९९ ला. ज्या दिवशी माउंट व्हर्ननमध्ये शीर कापली जात होती, त्याच दिवशी फिलाडेल्फियात शीर कापण्यावरून कोर्ट भरलं होतं. शंका हवेत होती. गंमत म्हणजे डिक हा त्याच रशचा विद्यार्थी! गुरूचं न ऐकता तो रुग्णाकडे बघत होता, हेच मला त्याचं मोठेपण वाटतं.

आणि संध्याकाळचं बघा. वॉशिंग्टन स्वतः म्हणाले, माझ्यासाठी आता कष्ट घेऊ नका, मला शांतपणे जाऊ द्या. त्यानंतरही रात्री आठच्या सुमारास पायांना फोड आणणारे लेप आणि कोंड्याची पोटिसं बांधली. सकाळी 'आणखी' म्हणणाऱ्या रुग्णाचा शब्द प्रमाण, मग संध्याकाळी 'पुरे' म्हणणाऱ्याचा का नाही?

कोकणकडा:
शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद घालत नाही. पण खटल्याचं अर्धंच सांगितलंत. जिंकले रश! ज्यूरीने कॉबेटला ५००० डॉलरची भरपाई द्यायला लावली. कॉबेट वैद्य नव्हता, राजकीय वैर असलेला पत्रकार होता. त्याच्या शिव्यांना पुरावा म्हणता येणार नाही. पुरावा आला पॅरिसच्या पिएर लुईकडून, त्याने न्यूमोनियाचे रुग्ण मोजून रक्त काढण्याचा फायदा फारसा दिसत नाही असं दाखवलं, ते १८३५ मध्ये. क्रेककडे मोजलेलं काहीच नव्हतं. एका बाजूला शेकडो वर्षांची वहिवाट, दुसऱ्या बाजूला एका तरुणाचा अंदाज. तुम्ही कुठला निवडला असता?

आणि निशिगंधताई, श्वासनलिकेला छेद म्हणाल तर भूल नाही, जंतुनाशक नाही, आणि गळा कुणाचा तर वॉशिंग्टनचा. फ्रान्सच्या डॉ. ब्रेतोनोने घटसर्पात या शस्त्रक्रियेने मुलगी वाचवली ती १८२५ मध्ये.

निशिगंध:
खरं आहे, मी त्या दिवशी सुरी उचलली असती असं छातीठोकपणे नाही म्हणणार. पण 'कुणाचा गळा' हाच तर घोळ आहे. एखाद्या मळेकऱ्याचा असता तर कदाचित डिकला करू दिलं असतं. मोठ्या माणसाला सगळे उपचार मिळतात, धाडसाचा तेवढा मिळत नाही.

घोटभर चहा:
धाडसाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी डॉ. थॉर्नटन आले होते. वॉशिंग्टन गेलेले. यांचा बेत असा की देह हळूहळू ऊब देऊन गरम करायचा, श्वासनलिका उघडून फुप्फुसात हवा भरायची आणि कोकराचं रक्त चढवायचं. घरच्यांनी नको म्हटलं. आदल्या दिवशी काढलेलं माणसाचं, आता भरायचं कोकराचं!

पारावरचा:
कोकणकडा, मी निवाडा आजच्या ज्ञानावर करत नाहीये, हे दाखवायला एकच कागद पुरे. २ जानेवारी १८०० ला, म्हणजे तीन आठवडेही झाले नव्हते, ब्राऊननी क्रेकना पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की डिकचं निदान बरोबर होतं आणि आपण त्याचं ऐकून आणखी रक्त काढलं नसतं तर आपला मित्र आज जिवंत असता कदाचित. कुठलं नवं संशोधन आलं होतं मधे? काही नाही. तेच तीन डॉक्टर, तोच रुग्ण, तीच माहिती. फक्त घाई ओसरली होती.

कोकणकडा:
मग त्याच पत्रातलं पुढचंही सांगा ना. ब्राऊन लिहितात, आपल्याला जेवढं कळत होतं त्यानुसार आपण वागलो, आपण बरोबर आहोत असं वाटत होतं, म्हणून आपण दोषी नाही.

पारावरचा:
ते वाक्य ब्राऊननी क्रेकसाठी लिहिलेलं आहे. डिकला विचारून नाही.