लँगहान्स पेशी दिसली म्हणजे टीबीच, असं नाही

ताई, मानेच्या गाठीच्या रिपोर्टात ‘लँगहान्स जायंट सेल’ वाचून तुम्ही टीबीच्या गोळ्यांचं विचारलंत, आणि वरच्या उत्तरांत दोघांनी ‘लगेच सुरू करा’ म्हणून टाकलं. जरा थांबा.

एकट्या मॅक्रोफेजला (जंतू गिळणारी संरक्षक पेशी) जंतू किंवा टाक्याचा धागा पचत नाही, तेव्हा अनेक जणी एकमेकींत मिसळून एकच मोठी पेशी होते. केंद्रकं मात्र सगळ्यांची शाबूत राहतात, कधी वीसहून जास्त. आकार 40-50 मायक्रॉन. केंद्रकं कडेला घोड्याच्या नालेसारखी लागली तर लँगहान्स, आतच विस्कटलेली असली तर फॉरेन बॉडी. पण ही वाटणी कच्ची आहे. एकाच ग्रॅन्युलोमात (अशा पेशींचा सूक्ष्म पुंजका) दोन्ही सापडतात. सारकॉइडोसिस (असेच पुंजके करणारा, टीबीहून वेगळा आजार) आणि बुरशीच्या संसर्गातही लँगहान्स दिसते. (त्वचेतली लँगरहान्स पेशी निराळीच, नावांत गफलत नको.)

रिपोर्टात बघायचं ते केसिएशन, म्हणजे मधला पनीरसारखा मृत भाग. शिवाय टीबीच्या जंतूंसाठी झील-नील्सन आणि बुरशीसाठी पीएएस हे स्टेन (रंग देऊन जंतू शोधायच्या तपासण्या) केलेत का? झील-नील्सन निगेटिव्ह आला तरी टीबी बाद होत नाही, गाठीत जंतू मुळातच थोडे असतात.

नेहमीची चूक अशी की सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायचं रसायन) जातो. त्यात जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) होत नाही. परत सुई घालणार असतील तर थोडा नमुना सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) वेगळा ठेवायला आधीच सांगा. वडोदऱ्याहून इकडे इंदूरला दुसरं मत घ्यायला याल तेव्हा नुसता रिपोर्ट नको, स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणा.