सल्ला हवा: एक उन्हाळा, एक नोकरी, दोन वाढदिवस आणि गोवा (बेळगाव)

वडगावकरीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजचे बी.कॉम.चे शेवटचे पेपर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपतायत. जूनअखेरपर्यंत मी मोकळी. या मधल्या काळात तीन गोष्टी एकमेकींच्या अंगावर येऊन पडल्यात.

पहिली, काम. बाबांचे चार पॉवरलूम आहेत, सध्या दोनच चालू आहेत, त्यामुळे घरात पैसे मागायची सोय नाही. गणपत गल्लीतल्या एका साड्यांच्या दुकानात महिना १० हजार देतायत, सकाळी १० ते रात्री ९. टिळकवाडीत एका सीएंच्या ऑफिसात ६ हजार, वेळ १० ते ६. एका मैत्रिणीच्या ओळखीनं केटरिंगचं रोजावरचं कामही आहे, पण गेल्या मे महिन्यात एका केटररकडे ११ दिवस वाढपी म्हणून राबले आणि हातात ७ दिवसांचे पैसे पडले. "बाकीचे पुढच्या लग्नात देतो" म्हणाला. ते लग्न अजून लागायचंय. त्यामुळे केटरिंग सुचवू नका.

दुसरी, १४ मेला मला २१ पूर्ण. पाच मैत्रिणींनी गोवा ठरवून टाकलाय, मला विचारलं सगळ्यात शेवटी. माझ्याकडं त्यासाठी ३ हजारांच्या वर निघणार नाहीत.

तिसरी, १ जूनला आजोबांना ७५. काका म्हणतात हॉल घेऊ, केक, गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स. आजोबा म्हणतात, "मास्तरनं शाळेत घालताना १ जून लिहिलं. तो माझा वाढदिवसच न्हवं." आणि विषय संपवून पेपर वाचायला घेतात. त्यांच्यासाठी काय करावं? माझ्या पहिल्या पगारातून करायचं आहे, एवढं नक्की.

टॅली_मास्तर
सीएचं ऑफिस. दुसरा विचारच करू नकोस.

४ हजार कमी दिसतात, पण दोन महिन्यांत तू जीएसटीआर-१, ३बी (ही जीएसटीची रिटर्न्स), बँक रिकन्सिलिएशन (बँकेचा आणि वहीचा हिशोब जुळवणं) आणि टीडीएस हातानं केलेलं असशील. बी.कॉम.च्या तीन वर्षांत एकदाही खरं पर्चेस बिल हातात न धरलेली मुलं माझ्याकडं येतात, म्हणून सांगतोय.

सुट्ट्यांचं गणित आत्ताच समजून घे. जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेला, ३बी २० तारखेला. तुझा वाढदिवस बरोबर मधे पडतो. १२ ते १५ सुट्टी माग, कुणी नाही म्हणणार नाही. १८ ला मागितलीस तर सर चष्म्यावरून बघतील. मग ३१ मे, चौथ्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची शेवटची तारीख. २६ पासून रात्रीचे नऊ वाजतील, घरी सांगून ठेव. आणि १ जून? त्या दिवशी सर स्वतःच फोन बंद करून झोपलेले असतात. आजोबांच्या मास्तरनं तारीख लई विचार करून निवडलीय.

खडेबाजार
मास्तरांशी असहमत. मी अकरा वर्षं साडीच्या काउंटरवर काढलीयत.

ऑफिसात एक्सेल शिकशील, दुकानात माणूस शिकशील. बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडमधनं बोलणार, कॅम्पातलं हिंदीतनं, चंदगडचं मराठीतनं, आणि भाव तिघंही सारखेच पाडून मागणार. लग्नाचा बस्ता बांधायला आठ बायका येतात. त्यातली साडी कुणाला आवडायला पाहिजे हे पहिल्या दोन मिनिटांत ओळखता आलं पाहिजे, आणि ती नवरी नसतेच. बहुतेक वेळा मागं बसलेली, एक शब्द न बोलणारी आत्या असते. पदर तिच्या गुडघ्यावर उलगडायचा. हे कुठल्या ऑफिसात शिकवत नाहीत.

मात्र अकरा तास उभं राहावं लागतं. पायात चांगल्या चपला, आणि आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी ते आधी विचारून घे.

निपाणीची_सून
खडेबाजार, ते सगळं खरं, पण तुम्ही यंदाचं पंचांग बघितलेलं दिसत नाही. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, १५ जूनपर्यंत. अधिकात लग्नं लावत नाहीत. म्हणजे लग्नसराई १६ मेला आटोपली. पोरीला मेच्या मध्यावर "आता गर्दी कमी झाली, उद्यापासून येऊ नको" म्हटलं तर तिनं काय करायचं? दुकानात जायचंच असेल तर जूनअखेरपर्यंतचं बोलून घ्या, आणि तेही मालकाशी, मॅनेजरशी नको.

खडेबाजार
अधिक महिना माझ्या ध्यानातनं गेला, कबूल. पण अधिकात जावयाचे कपडे खपतात, एवढं नोंदवून ठेवतो. :)

तरीही १७ नंतर निम्मा स्टाफ बसून असतो हे खरं आहे. जा बाई, सीएकडंच जा.

केए_२२
नोकरीचं झालं, आता गोव्याकडे वळा की.

चोर्ला घाटातून बाईकवर जाणार असाल तर माझं मत: नको. मी तीन वेळा गेलोय. रस्त्याची अवस्था दर वर्षी वेगळी, निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून विचारायचंच. तिसऱ्या वेळी कणकुंबीच्या पुढं वळणावर मागचा टायर बसला. रेंज नाही, दुकान नाही. दोन तासांनी एका टेंपोवाल्यानं गाडी दोरीनं बांधून वर घेतली आणि भाडं न घेता नुसता चहा मागितला. हा किस्सा आता सांगायला बरा वाटतो.

कदंबाची (गोवा सरकारची) किंवा आपली पणजी बस धरा. गुरुवारी वाढदिवस आहे, म्हणजे शनिवार-रविवारचे खोल्यांचे चढे भाव टळतात. पण सहा जणी, दोन रात्री, गोव्यात फिरायला गाड्या भाड्यानं... ३ हजारांत बसत नाही गं. खोटं कशाला बोलू.

अवांतर: दूधसागर कुणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. मेमध्ये पाण्याची नुसती रेघ असते, आणि रुळावरून चालत जायला रेल्वेनं बंदी केलीय. गोकाकचंही तेच. जुलैशिवाय मजा नाही.

निपाणीची_सून
गोव्याऐवजी वेंगुर्ला. माझं माहेर सावंतवाडीकडचं, म्हणून पक्षपात आहे, पण हिशोबही आहे.

बेळगाव स्टँडवरून आंबोलीमार्गे जाणारी महाराष्ट्राची एसटी घ्या. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतराला बायकांना अर्धं तिकीट. आंबोलीला धबधबे बघायच्या नादानं उतरू नका, मेमध्ये कातळ कोरडे असतात. पण घाट उतरताना खिडकी उघडी ठेवा, हवा कशी जड होत जाते ते कळतं. मेमध्ये तिकडं काजू, फणस, कोकम सगळं एकदम अंगावर येतं. शिरोड्याला समुद्र आहे, मिठागरं आहेत. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथंही झाला होता, मैत्रिणींना माहीत नसेल. घरगुती खोलीत तिघी-तिघी राहिलात तर एक रात्र आणि दोन वेळचं माशाचं जेवण धरून ३ हजारांत पैसे उरतील. मेच्या मध्यावर समुद्र तापट व्हायला लागतो, गुडघ्याच्या पुढं जाऊ नका.

एकच पथ्य: जायच्या आदल्या रात्री बातम्या बघा. सीमाप्रश्न तापला की एसटी बंद पडतात, आणि मग शिनोळीपर्यंत रिक्षा शोधत बसावं लागतं.

वडगावकरीण
सगळ्यांना धन्यवाद! सीए ऑफिस ठरलं. वेंगुर्ल्याला मैत्रिणी आधी "तिथं काय आहे?" म्हणाल्या, मग हिशोब दाखवला तेव्हा गप्प बसल्या.

आजोबांचं मात्र कुणीच बोलत नाहीये.

जांबोटी_फाटा
मी बोलतो. तुझे आजोबा मूळचे कुठले? खानापूर तालुक्यातले काय?

वडगावकरीण
हो काका, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. अठराव्या वर्षी उद्यमबागेत फाउंड्रीत लागले, मोल्डर म्हणून निवृत्त झाले. गावात भाऊबंदांची शेती आहे, घर पडलंय.

जांबोटी_फाटा
मग ऐक. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून. शाळा जूनमध्ये, वय मोजायला सोपं, मास्तर लिहून मोकळे. माझाही तोच. पण त्यांना असं विचार, आई काय सांगायची? तारीख न्हवं, काय चाललं होतं ते विचार. आमच्याकडं असंच लक्षात ठेवायचे. कुणी भाताच्या मळणीला झालेला, कुणी शिमग्याला, कुणी गाय व्याली त्या रात्री.

हॉल-बिल नको. पंच्याहत्तरीला ७५ दिव्यांनी ओवाळतात, ते घरात करा. आणि त्यांना गावाकडं घेऊन जा. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, मलप्रभा तिथं उगम पावते. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना बघितलेलं नवलतीर्थाचं धरण त्याच पाण्याचं, हे सांगितलं तर पोरं तोंडात बोट घालतात. जंगलात मात्र शिरू नका, तो सगळा पट्टा भीमगड अभयारण्याचा आहे, परवानगी लागते.

बसचं ध्यानात ठेव. पणजीच्या गाडीत बसू नका, आंतरराज्य गाडीत कर्नाटकच्या शक्ती योजनेचं बायकांचं फुकट तिकीट चालत नाही. कणकुंबीपर्यंतचीच साधी गाडी धरा. आणि आधार कार्ड, कर्नाटकच्या पत्त्याचं.

केए_२२
गंमत बघा. शिनोळीच्या पलीकडं जन्मले असते तर ७५ झाल्यावर आजोबांना एसटी फुकट होती. इकडं फुकट नातीला. एकत्र प्रवास करायचा तर एकानं तरी तिकीट काढायचंच, असं दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलंय काय की.

निपाणीची_सून
केक नको, मांडे करा. दोन दिवस आधी सांगून ठेवलं की घरगुती मिळतात, आणि बसमध्ये खराब होत नाहीत. फक्त चुरा होऊ नये म्हणून पसरट डब्यात, मांडीवर धरून न्यायचे. कुंदा उन्हात नेऊ नका.

आणि पंच्याहत्तरीची शांत (पूजा-होम) वगैरे करायची टूम कुणी काढलीच, तर अधिक महिना आहे, निज ज्येष्ठात बघू म्हणा. विषय आपोआप मिटतो.

वडगावकरीण
काका, विचारलं. पेपर बाजूला ठेवला आजोबांनी. म्हणाले, आई सांगायची की धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत करतात ती) चालली होती. ती कुरीमागं (पाभरीमागं) बी सोडत होती, दुपारी पोटात दुखायला लागलं, सारं पुरं करून घरी आली. संध्याकाळी हे झाले. रात्री पहिला पाऊस.

जांबोटी_फाटा
मर्दा! आमच्याकडं भाताची धूळवाफ रोहिणीत होते. रोहिणी निघतात २५ मेला, ७-८ जूनला मृग. त्याच्या आत पेरा झाला पाहिजे, नाहीतर पाऊस येऊन चिखल. म्हणजे मास्तरनं लिहिलेला १ जून सहा-सात दिवसांच्या पलीकडं चुकलेला नाही. सांग त्यांना.

टॅली_मास्तर
याला आमच्याकडं राउंडिंग ऑफ म्हणतात.

वडगावकरीण
(३ जून) शेवटचं कळवते, मग धागा सोडते.

वेंगुर्ला झालं, माणशी २६०० आले. ३१ मेला ऑफिसातून रात्री दहाला सुटले. पहिल्या पगारातले पैसे बाजूला काढलेलेच होते. काकांनी फ्लेक्स छापून आणला होता, तो सध्या मागावर धूळ बसू नये म्हणून झाकायला घातलाय, आजोबांचं तोंड आतल्या बाजूला.

परवा पहाटे मी, आई, काकू, ताई आणि आजोबा कणकुंबीच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं आम्हा चौघींना शून्य रुपयाची तिकिटं फाडली आणि आजोबांचे तेवढे पैसे घेतले. त्यांनी ते तिकीट नीट दुमडून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि मागं वळून म्हणाले, "म्हणजे घरात कमावता अजून मीच."

देवळात फार वेळ थांबले नाहीत. परत येताना गावच्या फाट्यावर उतरायला लावलं. भाऊबंदांच्या शेतात पेरा आठवडाभर आधीच झालेला. कोंब वर आले होते, बोटाच्या पेराएवढे. चप्पल बांधावर काढली, वाकून दोन ओळींच्या मधे चार बोटं घालून बघितली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येणार. म्हणाले, "दाट पेरलंय." मग चुलतभावाशी त्यावरून अर्धा तास वाद. मांडे तिथंच बांधावर बसून खाल्ले, चुरा झालेले. ७५ दिवे संध्याकाळी घरी लावले, पंख्यानं निम्मे विझले, पंखा बंद केला तर आजोबांनी उकडतंय म्हणून लावायला सांगितला.

पुढच्या वर्षीही हीच तारीख धरा म्हणालेत.

जांबोटी_फाटा
दाट पेरलंय म्हणाले न्हवं? मग जुलैत विरळणीला धाडून दे. चुलतभावाला सांग, पंच्याहत्तर वर्षांचा गडी आहे, रोजगार पुरा द्यायचा.