नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) लाइन गेली तरी कूलर चालेल, असा इन्व्हर्टर कोणता?

बेसा_रोड
पहिल्या मजल्यावर दोन बीएचके. उन्हाळी वादळ आले की दोन-तीन तास लाइन जाते, कधी ऐन रात्री. घरात सत्तरीपुढचे आईबाबा आहेत, त्यांच्या खोलीतला कूलर बंद पडू नये ही मुख्य गरज. शिवाय ३ साधे पंखे, ५ एलईडी, वायफाय. जमला तर फ्रिज. एक दुकानदार ९०० व्हीएचा इन्व्हर्टर (व्हीए म्हणजे तो किती लोड पेलतो त्याचे माप) आणि १५० एएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-अॅसिड बॅटरी सांगून राहिला, दुसरा म्हणतो लिथियम बॅटरीच घ्या. जनरेटर घ्यावा का? आणि गच्चीवर ३ किलोवॅट सोलर लावायचे ठरत आहे, मग इन्व्हर्टर लागेल का?

विद्युत_डिप्लोमा
भाऊ, नागपुरात हिशेब कूलरपासूनच सुरू करायचा. मोठ्या लोखंडी कूलरची मोटर साधारण २०० वॅट, पंप २० वॅट. साधा पंखा ७५ वॅट, म्हणजे तीनचे २२५. एलईडी आणि वायफाय मिळून ५५-६०. झाले ५०० वॅट.

इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास ४९ अँपिअर ओढले जातात. आता १५० भागिले ४९ करून तीन तास मिळतील असे समजू नका. बॅटरीवरचा १५० एएच हा आकडा सी-२० चा असतो, म्हणजे २० तास सावकाश, ७.५ अँपिअरने ओढली तर. करंट जितका जास्त, तितकी कमी क्षमता हाती येते. ४९ अँपिअरला नवीकोरी बॅटरीसुद्धा १०५ एएचच्या आसपासच देते, म्हणजे दोन तास आणि वर थोडे.

म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटमध्ये चालतो. तीन बदलले की लोड ३६५ वॅटवर येतो, करंट ३६ अँपिअर, आणि तीच बॅटरी सव्वातीन तास जाते. रात्री फक्त कूलर आणि वायफाय ठेवले तर साडेपाच तासांपर्यंत.

लिथियम (लिथियम आयर्न फॉस्फेटवाली) १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास. ३६५ वॅटवर पावणेतीन तास मिळतात, पण खरा फायदा चार्जिंगचा. ट्युब्युलर पूर्ण उतरली की १५ अँपिअरच्या चार्जरवर भरायला ९-१० तास लागतात. दुपारी एकदा आणि संध्याकाळी परत लाइन गेली, तर दुसऱ्या वेळी ती अर्धवटच भरलेली असते. लिथियमला मोठा चार्जर दिला तर तीन-चार तासांत भरते. मात्र इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठी वेगळी सेटिंग हवी, जुन्या इन्व्हर्टरला नुसती जोडून देऊ नका.

९०० व्हीए तुमच्या लोडला पुरतो, पण प्युअर साइन वेव्हच (लाइनसारखीच सुरळीत वीज देणारा) घ्या. स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर गुणगुणते, तापते आणि हवा कमी फेकते. कूलर सुरू होताना इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवत असेल तर आधी मोटरचा कपॅसिटर तपासा. तो उतरला की मोटर उचल घेत नाही आणि दोष इन्व्हर्टरवर जातो.

फ्रिज सोडून द्या. दार उघडले नाही तर तो चार तास थंड राहतो. जुना कंप्रेसर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेवढ्यात सगळ्या घराचा इन्व्हर्टर ट्रिप होऊन जाते.

वायरमन_मानेवाडा
वायरिंगचे तीन मुद्दे.

कूलरचा पॉइंट बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. आईबाबांच्या खोलीपर्यंत फेज वेगळा ओढून घ्यावा लागेल, ते आधीच सांगून ठेवा. न्यूट्रल मात्र जपा. घरात आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा सुरक्षा स्विच) असेल तर इन्व्हर्टरचा इनपुट आणि त्याच्यावरच्या सगळ्या पॉइंटचे न्यूट्रल एकाच आरसीसीबीनंतरचे हवेत. फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून आला की आरसीसीबी पडत राहते आणि लोक कंटाळून ती काढूनच टाकतात. ती काढू नका, ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीव तीच वाचवते. कूलरला अर्थिंग हवेच.

बॅटरीची केबल २५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याची आणि जमेल तितकी आखूड ठेवा. १० स्क्वेअरची केबल तीन मीटर जाऊन तीन मीटर परत आणली तर ७० अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरीतच जातो. बॅटरीत ११.२ असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि तो लो बॅटरी म्हणून बंद होतो.

तिसरा मुद्दा इन्व्हर्टरच्या मागच्या यूपीएस/नॉर्मल स्विचचा. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली गेले की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते, लाइन असूनही बॅटरी उतरत राहते, आणि खरी लाइन जाते तेव्हा ती रिकामी असते. पंखे आणि कूलरसाठी नॉर्मल मोड ठेवा.

बेसा_रोड
धन्यवाद. बॅटरी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवली तर चालेल का? खाली जागा नाही.

विद्युत_डिप्लोमा
अजिबात नको. लेड-अॅसिड बॅटरीचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, आणि बाहेर ४५ असताना टिनाखाली किती होते ते सांगायला नको. लिथियमचीही सुटका नाही. बरेच सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, त्यामुळे बीएमएस (बॅटरीतले राखण करणारे सर्किट) दुपारी चार्जिंगच थांबवू शकतो.

पॅसेजमध्ये किंवा बैठकीत, भिंतीपासून थोडी सोडून, हवा खेळेल अशी ठेवा. कूलरच्या समोर नको, ओलाव्याने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. देवघराजवळ तर नकोच, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि तिथे दिवा तेवत असतो. उन्हाळ्यात दर महिन्याला पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पाहा. डिस्टिल्ड पाणीच घाला, आरओचे नाही. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्ज झाल्यावर घाला, आधी काठोकाठ भरले की चार्ज होताना अॅसिड बाहेर येते.

गच्चीवरचे_ऊन
सोलरचे उत्तर राहिले. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण सर्रास बसवतात ती ऑन-ग्रिड (थेट लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली) यंत्रणा. लाइन गेली की ती भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनपर्यंत करंट पोचू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाइन गेल्यावरही चालायला हवी तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. सोलर याच वर्षी नक्की असेल तर दोन्हींचा हिशेब एकत्र करा, नाहीतर आजचा ९०० व्हीए सहा महिन्यांत अडगळीत जाईल. ऑन-ग्रिड सोलर लावून हा इन्व्हर्टर ठेवायचा ठरलाच, तर सोलरची जोडणी त्याच्या आउटपुटच्या बाजूला करू देऊ नका. लाइन गेल्यावर सोलर त्यातच वीज ढकलू पाहील आणि इन्व्हर्टर जळेल.

जनरेटर फ्लॅटमध्ये नकोच. बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये चालवला तर कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरतो. घ्यायचाच असेल तर मध्ये ऑफ असलेला टू-पोल चेंजओव्हर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून लाइन किंवा जनरेटर निवडणारा स्विच) बसवा. दोन्हीकडे पिना असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसू नका, ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन ११ हजार व्होल्ट होते.

आणखी एक. बोअरची एक एचपी मोटर या इन्व्हर्टरवर उचलणार नाही. आभाळ भरून आले की वरची टाकी आणि कूलरची टाकी, दोन्ही आधीच भरून घ्या.